खिडकीजवळची जागा

प्रवासात “मला खिडकी!” हा हट्ट लहानपणी आपण सर्वांनीच केला आहे. आज खिडकी मिळते, पण नजर मोबाइलमध्ये असते.

कोकण रेल्वेत शेजारी बसलेल्या लहान मुलाकडे पाहा. चिपळूण मागे पडते आणि रत्नागिरीच्या अलीकडे गाडी साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यात शिरते. बाहेर अंधार, काचेत फक्त आपलाच चेहरा! बोगदा संपला की चेहरा पुसला जातो आणि मूल आनंदाने ओरडते, “ती बघ गाय!” रत्नागिरीच्या पुढे ६४ मीटर उंच पानवल पुलावरून खाली पाहताना ते डोळे विस्फारते.

त्याला ती गाय घरी न्यायची नसते, दरीही नको असते. म्हणूनच मागे गेलेल्याचे दुःख त्याला नाही. आपले मन मात्र ‘मी’ आणि ‘माझे’ यांच्या बोगद्यात अडकते. तिथे स्वतःशिवाय काहीच दिसत नाही. येणारे प्रेमाने पाहणे आणि जाणारे सहज जाऊ देणे, हाच साक्षीभाव.

पुढच्या प्रवासात दहा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवूया. आणि एखाद्या मुलाने खिडकी मागितली, तर ती आनंदाने देऊया.