खाद्यतेलाचे जलप्रदूषण आणि सूक्ष्मजीवांचे साहाय्य

पाण्यावरील तेलाच्या तवंगाचा विषय निघाला की खनिज तेलाची जहाजे डोळ्यांसमोर येतात. शेंगदाणा, करडई, सरकी यांचे तेल तर खाण्याचे. ते पाण्यात गेल्याने काय बिघडणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती किती फसवी आहे, हे १९९१ साली ब्रिटनमधील वेल्सच्या किनाऱ्यावर दिसून आले. त्या वर्षी जानेवारीत अँगलसी बेटानजीक ‘किम्या’ हे जहाज दुर्घटनाग्रस्त झाले आणि त्यातील सुमारे १,५०० टन सूर्यफुलाचे तेल पुढील काही महिन्यांत समुद्रात मिसळले. नजीकचे शिंपले मृत्युमुखी पडले आणि वाळूत मिसळलेल्या तेलाचे दगडासारखे कठीण गोळे बनले.

प्राणवायूचा हिशेब

तेलाच्या तवंगामुळे हवेतील प्राणवायू पाण्यात विरघळण्यास अडथळा येतो. शिवाय तेल कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. एक किलो तेलाच्या संपूर्ण विघटनास सुमारे २.९ किलो प्राणवायू लागतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात मात्र तो दर लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम असतो. म्हणजेच एक किलो तेल साडेतीन लाख लिटरांहून अधिक पाण्यातील प्राणवायू संपवू शकते. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर अवश्य सोडवून दाखवावे.

सूक्ष्मजीवांचे कार्य

स्युडोमोनास व बॅसिलस या गटांतील काही जिवाणू, तसेच काही किण्वे ‘लायपेज’ नावाचे विकर स्रवतात. त्यामुळे तेलाचे ग्लिसेरॉल व मेदाम्ले असे घटक सुटे होतात. मेदाम्लांची लांब साखळी पेशीत टप्प्याटप्प्याने तोडली जाते आणि अखेर कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. प्राणवायूविरहित टाकीत याच द्रव्यांपासून मिथेन, म्हणजे गोबर गॅस संयंत्रातील ज्वलनशील वायू मिळतो. मात्र मेदाम्ले एकदम फार साचल्यास मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांचे काम मंदावते.

या कार्यास तेलाचे बारीक थेंब, भरपूर हवा, उबदार तापमान आणि फारसे आम्ल वा अल्कधर्मी नसलेले पाणी लागते. तेलात नत्र व स्फुरद जवळजवळ नसल्याने ती पोषणद्रव्ये बेताने पुरवावी लागतात.

नाला ही प्रक्रियेची जागा नव्हे

जिवाणूंची भुकटी नाल्यात वा तळ्यात टाकली की काम झाले, असे मानणे चुकीचे ठरेल. वाहत्या पाण्यात जिवाणू टिकत नाहीत आणि साचलेल्या पाण्यात विघटनाचा वेग वाढल्यास प्राणवायूही तितक्याच वेगाने संपून मासे मरू शकतात. साबणाने तवंग दिसेनासा होतो, तेल मात्र पाण्यातच राहते. म्हणून प्रथम संथ कुंडात तेल वर येऊ देऊन काढून घ्यावे, उरलेल्या पाण्यावर हवा खेळविलेल्या टाकीत जिवाणूंकरवी प्रक्रिया करावी, गाळ खाली बसू द्यावा आणि मगच पाणी बाहेर सोडावे.

पंचायतींचे कर्तव्य

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ साली अमलात आला. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ अन्वये नदी-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे लिटरमागे १० मिलिग्रॅम, तर सार्वजनिक गटारांत २० मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये. तेलगिरणीचे सांडपाणी ओढ्यात येत असल्यास पंचायतीने ही बाब महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निदर्शनास आणून द्यावी. खानावळी व मंगल कार्यालये यांना तेल अडविणारे कुंड बांधण्यास सांगावे. वापरलेल्या तेलापासून जैवडिझेल तयार होऊ शकते. तेव्हा ते मोरीत न ओतता डब्यात साठवून अशा उपयोगासाठी द्यावे.

सूक्ष्मजीव हे निसर्गाचे मूक सेवक होत. पण त्यांना जागा, हवा आणि अवधी देणे हे माणसाचेच काम आहे. ते गावाने वेळीच केले, तर तळ्यातील मासे आणि गुरांचे पाणी दोन्ही सुरक्षित राहतील.