दुसऱ्याच्या तळघरात उतरताना

चि. मनू हिस,


तू सुतारकामाच्या वर्गाला जायला लागल्याचं तुझ्या बाबाकडून कळलं होतंच. आता जुनी हत्यारं घ्यायची आहेत, त्यासाठी इस्टेट सेलला जावं का, असं तू विचारलंस. फोनवर हे सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

जा, जरूर जा. तू हार्टफर्डला राहतेस आणि न्यू ब्रिटन तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या गावाला एके काळी ‘हार्डवेअर सिटी’ म्हणायचे. लेनर्ड बेली या कारागिराची रंध्याची पेटंटं स्टॅन्ली कंपनीने १८६९ साली विकत घेतली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याच घडणीचे रंधे न्यू ब्रिटनमधून जगभर गेले. पितळी चाक फिरवून पातं खालीवर करायचा तो रंधा आजही अनेक कंपन्या जवळपास तसाच बनवतात. तिथल्या माणसांनी कारखान्यात काम केलं, घरी येऊन तळघरात बाक मांडून कपाटं बनवली. ती पिढी आता जाते आहे. मुलं दूरच्या राज्यांत, त्यांच्या घरी विजेवर चालणारी यंत्रं. म्हणून हे सगळं विक्रीला निघतं, आणि स्वस्तात निघतं.

पण घरातून निघण्याआधी एक ठरव: पुढच्या दोन महिन्यांत तू काय बनवणार आहेस? पुस्तकांचं शेल्फ म्हणालीस ना? मग एक पाच नंबरचा रंधा, एक आडवं कापायची करवत, दोन-तीन पटाश्या आणि एक गुण्या, एवढंच शोध. बाकी कितीही लोभस दिसलं तरी तिथेच ठेव. मी हे कळकळीने सांगते, कारण या नादात चांगली माणसं गोळा करणारी होऊन बसतात. रंध्यांचे एक ते आठ सगळे नंबर रांगेत मांडलेले असतात आणि एकालाही धार नसते. हत्यार कामासाठी घ्यायचं म्हटलं की त्याच्याकडे बघायची नजरच बदलते. मग शिक्का कोणता, साल कोणतं, डबा मूळचा आहे का, हे मागे पडतं. लाकूड कापेल का, हा एकच प्रश्न उरतो.

आता सेलची रीत. बहुतेक सेल शुक्रवार ते रविवार असतात आणि घरच्यांनी नेमलेली कंपनी ते चालवते. विक्रीतला ठरावीक हिस्सा तिचा. जाहिरातीत फोटो असतात, पण पत्ता पुष्कळदा आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी जाहीर होतो. फोटोंमध्ये चिनीमातीच्या बश्या आणि दागिने पुढे असतात. तू मात्र तळघराचा आणि गॅरेजचा फोटो मोठा करून बघ. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या करवती, बाकाखालचे खण, तेलाचा डबा दिसला की समज, त्या घरात काम करणारा माणूस होता. झगमगीत, एकसारख्या हत्यारांची भिंत दिसली तर मी तिकडे फारशी फिरकत नाही.

पहिल्या सकाळी दारावर नंबर वाटतात, किंवा नावांचा कागद असतो. आत गेलीस की सरळ तळघर गाठ. पहिल्या दिवशी घासाघीस करू नकोस. पुण्याच्या जुन्या बाजारात निम्म्यावर मागायची आपल्याला सवय असते, इथे त्या वेळी ती चालत नाही आणि लोकांना अपमान वाटतो. शनिवारी भाव उतरतात, रविवारी बऱ्याच ठिकाणी निम्म्यावर येतात. रंधा हवाच असेल तर शुक्रवारी जा. पटाश्यांचे आणि कानशींचे खणच्या खण रविवारपर्यंत तसेच पडलेले असतात. तेव्हा ‘हा सगळा खण कितीला देता’ असं विचार. खिशात सुट्ट्या नोटा, छोटी बॅटरी, सहा इंची पोलादी पट्टी, एक स्क्रूड्रायव्हर आणि जुनं फडकं असू दे.

रंधा कसा बघायचा ते नीट सांगते, कारण इथेच पैसे वाया जातात. हातात घेतलास की आधी परवानगी माग आणि वरची दाबपट्टी उचलून काढ. पातं आणि त्याला स्क्रूने जोडलेली दुसरी पट्टी बाहेर येईल. पात्याची मागची, सपाट बाजू बॅटरीखाली धर. वरवरचा तांबडा गंज असेल तर काळजी नको, तो निघतो. पण धारेजवळ टाचणीने टोचल्यासारखे खोल खड्डे असतील तर ते पातं गेलं. धार लावशील तिथे खड्डा आडवा येईल आणि लाकडावर रेघ उमटेल. मग बघ, मधल्या फटीपासून धारेपर्यंत किती पोलाद उरलं आहे. कुणी आयुष्यभर धार लावून ते बोटभर ठेवलं असेल, तर तो रंधा मनापासून वापरलेला आहे, नवं पातं घालून घेण्याजोगा आहे. किमतीत तेवढं कमी मात्र धर.

आता रंधा उलटा कर. तळाच्या मध्ये पात्यासाठी जी आडवी फट असते, तिच्या दोन्ही कोपऱ्यांपाशी केसासारखी चीर आहे का बघ. हा तळ बिडाचा. बीड वाकत नाही, तडकतं. रंधा एकदा सिमेंटच्या जमिनीवर पडला की तडा तिथेच जातो, किंवा बाजूच्या भिंतीला. कधी पितळेने जोडून वरून रंगवलेलं असतं. पिवळसर रेघ दिसली की ठेवून दे. मूठ पकडून हलव. सैल असेल तर स्क्रू आवळता येतो. तुटून चिकटवलेली असेल तर हातात धरून बघ, बोचत नसेल तर चालेल. शेवटी सगळे स्क्रू आणि ते पितळी चाक जागेवर आहेत ना, ते बघ. स्टॅन्लीचे आटे आजच्या प्रमाणित मापांचे नाहीत. हरवलेला स्क्रू कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणार नाही. दुसरा मोडका रंधा शोधून त्यातला काढावा लागतो.

साल ओळखायचंच असेल तर एवढं पुरे. पात्याखालच्या तिरक्या भागामागे, तळाच्या वरच्या बाजूला १९०२ मधल्या दोन आणि १९१० मधली एक अशा तीन पेटंटच्या तारखा असतील तर तो पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा. पात्यावर बदाम आणि त्यात एस डब्ल्यू अशी अक्षरं असतील तर १९२० नंतरच्या पंधराएक वर्षांतला. कंपनीचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेल्या विल्यम हार्ट यांच्या स्मरणार्थ तो बदाम घातला गेला. या दोन्ही काळांतले रंधे उत्तम. महायुद्धानंतरचेही बरेच कामाचे आहेत. ‘हँडीमन’ असं लिहिलेला मात्र घेऊ नकोस, ती स्वस्तातली घडण होती. साध्या पाच नंबरला तीस-चाळीस डॉलर मागत असतील तर दे आणि घरी ये.

करवतीचं मला विशेष प्रेम आहे, कारण करवतींचं टॅकोनी माझ्या घरापासून लांब नाही. इंग्लंडमधून पोरवयात आलेल्या हेन्री डिस्टन यांनी १८४० मध्ये फिलाडेल्फियात करवती करायला सुरुवात केली आणि १८७० च्या दशकात कारखाना टॅकोनीला नेला. सोबत कामगारांसाठी अख्खी वस्ती उभी केली. त्या जमिनींच्या खरेदीखतांतच दारूविक्रीला मनाई लिहून ठेवली होती. त्यांची डी-८ ही करवत १८७४ ची; पाठीला हलका बाक असलेली. अशा डिस्टन करवती अमेरिकेच्या निम्म्या तळघरांत गंजत लटकलेल्या असतात आणि पाच-दहा डॉलरला मिळतात. मला याचं फार वाईट वाटतं, आणि तुझ्यासाठी आनंदही.

मुठीकडची बाजू डोळ्याशी धर आणि दात्यांच्या रेषेतून टोकाकडे बघ, बंदुकीतून नेम धरतात तसं. एखाद्या ठिकाणी पातं मुरडलेलं दिसलं तर नको. ती मोड सरळ करणारे कारागीर आहेत, पण तो तुझा प्रांत नाही. सरळ असेल तर टोक धरून पातं हळूच वाकव आणि सोड. चांगलं पोलाद झटकन सरळ होतं आणि मंद घुमतं. मुठीजवळ पात्यावर आकडा ठोकलेला असतो, इंचात दातांची किती टोकं आहेत ते. आडव्या कापाला आठ ते दहा, उभ्या कापाला पाच-साडेपाच. बोथट दातांना घाबरू नकोस. तिकोनी कानस आणि एक दुपार लागते. मुठीवरच्या पितळी बिल्ल्यावर ‘वॉरंटेड सुपीरियर’ आणि गरुड असेल तर ती बहुधा दुय्यम प्रतीची; मूठ हाताला बसली तर तीही वाईट नाही.

पटाश्यांबद्दल थोडंच. मागची बाजू सपाट हवी, पाईपसारख्या खोबणीत दांडा बसवायची असेल तर खोबण फाटलेली नको. बक ब्रदर्स किंवा विदरबी हे नाव दिसलं तर उचल. दांडा नसला तरी चालतं, दांडा तू करशील. गुण्याची परीक्षा घरी होते: फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मार, उलटा करून त्याच जागी पुन्हा मार, दोन रेघा एकमेकींवर पडल्या पाहिजेत. स्टॅरेटचा मिळाला तर जरा जास्त पैसे मोज.

गंज काढायला सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर ठेव, सकाळी ब्रशने घास, लगेच पूर्ण कोरडं करून तेल लाव. ग्राइंडरला बसवलेलं तारेचं चाक करवतीला लावू नकोस; पात्यावर आम्लाने कोरलेलं कंपनीचं चित्र त्याने कायमचं पुसलं जातं. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हलक्या हाताने घास, म्हणजे चित्र काळं होऊन वर येतं. पात्याला यंत्रावर धार लावताना कड निळी झाली की समज पाणी उतरलं. तेवढा भाग घासून टाकावा लागतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हे कुणाचं तरी घर आहे. माणूस गेलेला असतो, किंवा वृद्धाश्रमात हलवलेला असतो, आणि अनोळखी लोक त्याचे खण उघडत असतात. तळघरात मोठ्याने हसू नकोस, कुठल्या वस्तूला भंगार म्हणू नकोस. कधी घरचं कुणी कोपऱ्यात उभं असतं. त्यांना जाऊन विचार, हे कोण वापरायचं, काय बनवायचं. बरीच माणसं बोलतात. त्यांना बरं वाटतं. लाकडी रंध्याच्या पुढच्या टोकावर मालकाचं नाव ठोकलेलं असतं, कधी एकावर एक अशी दोन-तीन नावं. साफ करताना ती घासून काढू नकोस.

आणि हे माझ्या शब्दाखातर पाळ. कंपनीने किंमत लावली असेल तर ती दे, त्यांचं कामच ते आहे. पण घरची बाई स्वतः गॅरेजमध्ये बसून विकत असेल आणि तिच्या हाती पाच-साडेपाच इंचाचा स्टॅन्लीचा एक नंबरचा रंधा असेल, तर तिला खरं सांग. त्या इवल्याशा रंध्याला हजारभर डॉलर मोजणारे गोळा करणारे आहेत. तिला पाच डॉलर देऊन गाडीत बसू नकोस. ती कदाचित तुला बाकीचा खण फुकट देईल, कदाचित देणार नाही. दोन्ही चालेल.

मे महिन्यात इकडे ये. आपण डॉइल्सटाउनला मर्सर म्युझियम बघू. हेन्री मर्सर १८९७ मध्ये जुन्या भंगारवाल्याकडे चिमटा शोधायला गेले आणि यंत्रांच्या आधीच्या अमेरिकेची सगळी हत्यारं तिथे ढिगात पडलेली बघून ती जमवायला लागले. त्यासाठी त्यांनी १९१६ मध्ये सिमेंट काँक्रीटचा किल्लाच बांधला. आत छतापर्यंत गाड्या, होड्या, खुर्च्या टांगलेल्या आहेत आणि एकेका धंद्याची हत्यारं एकेका कोनाड्यात. तुझ्याकडे केंट गावात एरिक स्लोन यांनी जमवलेल्या हत्यारांचं संग्रहालय आहे. वेळा बघून ते त्याआधी पाहून ये. करवत मिळाली तर घेऊनच ये, दात्यांना धार आपण इथे मिळून लावू.

तुझ्या बाबालाही एक रंधा न्यायचा विचार आहे म्हणालीस. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या स्टॅन्लीच्या मुठी ब्राझीलच्या रोझवुडच्या, आपल्या शिसवाच्याच कुळातल्या. त्या झाडाच्या लाकडाच्या देशोदेशीच्या ने-आणीवर १९९२ पासून कडक बंधनं आहेत, तेव्हा त्याच्यासाठी युद्धानंतरचा, साध्या लाकडाच्या मुठीचा चार नंबर बघ. पातं वेगळं काढून जाड पुठ्ठ्यात गुंडाळ आणि सगळं चेक-इनच्या बॅगेत टाक. केबिनमध्ये नेऊ देणार नाहीत.

तुझी,
आत्या