पाठ : कवचधारी जलचर आणि त्यांना पकडणारे श्रमिक
(इयत्ता ५ वी ते ७ वी : विज्ञान व समाजपरिचय)

उद्देश : कोळंबी, खेकडा, शेवंड, शिंपला व कालव या जलचरांचा परिचय करून देणे, त्यांची पैदास टिकविण्याचे उपाय समजाविणे, आणि त्यांस पकडणाऱ्यांच्या कष्टांची जाणीव निर्माण करणे.

साहित्य : रिकामे शिंपले, जाळ्याचा तुकडा, महाराष्ट्राचा नकाशा.

प्रस्तावना : यवतमाळ जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि वर्धा, पैनगंगा, अडाण, अरुणावती, पूस व बेंबळा या नद्यांच्या काठची मुले झिंगे आणि शिंपले ओळखतात. शिक्षकांनी ज्ञाताकडून अज्ञाताकडे या न्यायाने तेथूनच प्रारंभ करावा. नदीतील झिंग्याची मादी अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून वाहते, हे मुलांकडून निरीक्षणाने वदवून घ्यावे. अशी एक मादी पकडली म्हणजे तिच्यासोबत पुढील पिढीही नष्ट होते.

विषयविवेचन : समुद्रातील शेवंडाची मादीही अशीच अंडी वाहते. मुंबईजवळच्या समुद्रात एक चपटा, वाळूत राहणारा शेवंड विपुल होता. कोळंबीसाठी तळ खरडत ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत तोही सापडे. परदेशी बाजारात त्यास मागणी होती. अंडी वाहणाऱ्या माद्याही पकडल्या गेल्या आणि १९९४ पर्यंत तो तेथून जवळजवळ नाहीसा झाला. मुद्दल खाल्ले तर व्याज कोठून मिळणार, हा दृष्टान्त शेतकऱ्यांच्या मुलांस बियाण्याच्या उदाहरणाने सहज पटेल.

यावर उपाय तीन. पहिला, जाळ्याचे आस, म्हणजे डोळे, मोठे ठेवणे, जेणेकरून लहान जीव निसटतील. दुसरा, ठरावीक मापाहून लहान जीव न पकडणे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींसाठी असे किमान माप ठरविले. तिसरा, विश्रांतीचा काळ पाळणे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या बंदीने पैदाशीस अवसर मिळतो आणि पावसाळी वादळांपासून खलाशांचे प्राणही वाचतात.

खलाशांचे जीवन : नौकेवर तांडेल व खलाशी कित्येक दिवस समुद्रात राहतात. जाळे रात्री-अपरात्री ओढावे लागते. झोप अपुरी झाली की दोरात हात अडकतो, तोल जातो. खाडीत ओहोटीच्या वेळी चिखलात वाकून शिंपल्या काढणाऱ्या स्त्रियांचे श्रमही याच कोटीतील होत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ साली मासेमारीतील कामगारांसाठी एक करार संमत केला. तो २०१७ पासून अमलात आहे. तीन दिवसांहून अधिक काळ समुद्रात राहणाऱ्या नौकांवर चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, लेखी करार, वैद्यकीय तपासणी, आणि सामान्यतः १६ वर्षांखालील मुलांस नौकेवर कामास मनाई, हे त्याचे मुख्य नियम होत. भारतावर तो बंधनकारक नसला तरी त्यातील न्याय उघड आहे. मोबदला केवळ तोंडी ठरला असेल, तर तंट्याच्या वेळी खलाशाची बाजू कशाच्या आधारे मांडावी?

शिक्षकांस सूचना : वर्गात भोई अथवा ढिवर समाजाची मुले असल्यास त्यांच्या वडीलधाऱ्यांस आदरपूर्वक बोलावून जाळ्याची माहिती सांगावयास विनंती करावी. त्या मुलांची कोणी थट्टा करणार नाही, याची दक्षता घ्यावी. हंगामात ही मुले गैरहजर राहू लागल्यास घरी जाऊन पालकांशी बोलावे.

कृती : (१) जाळ्याच्या तुकड्यातील एक आस पट्टीने मोजा. (२) त्यातून कोणत्या मापाचे खडे निसटतात ते पाहा व वहीत नोंदवा.

प्रश्न :
१. अंडी वाहणारी मादी पाण्यात परत का सोडावी?
२. पावसाळ्यातील बंदीचे दोन लाभ कोणते?
३. आपल्या तलावासाठी गावाने कोणता एक नियम करावा? कारण लिहा.