डे-केअरला ठेवण्याआधी

एडिसन, इझलिन, जर्सी सिटीतल्या तरुण आईबाबांनो, बाळंतपणाची रजा संपत आली की फोनाफोनी सुरू होते. "आमच्या काकू फार प्रेमळ आहेत हो," असं कुणी सांगितलं की जीव भांड्यात पडतो. प्रेमळ माणूस हवाच. तरीही आधी राज्याचा नियम समजून घ्या.

न्यू जर्सीत १३ वर्षांखालची ६ किंवा त्याहून जास्त मुलं सांभाळणाऱ्या केंद्राला राज्याचा परवाना लागतो. दीड वर्षाखालच्या ४ बाळांमागे एक माणूस, दीड ते अडीच वर्षांच्या ६ मुलांमागे एक, असं प्रमाण ठरलेलं आहे. सकाळी १० वाजता केंद्र दाखवतात तेव्हा सगळं जागच्या जागी असतं. तुम्ही संध्याकाळी साडेपाचला जा. काही शिक्षिका निघून गेलेल्या असतात, दोन वर्ग एकत्र बसवलेले असतात. तेव्हा डोकी मोजा. प्रवेश झाल्यावर न कळवता केव्हाही येण्याची पालकांना मुभा आहे. सही करून घेतात त्या माहितीपत्रकातच ते लिहिलेलं असतं.

तपासणीचे अहवाल ऑनलाइन वाचता येतात. एखादा शेरा दिसला म्हणून घाबरू नका. फाईलमध्ये कागद कमी असणं वेगळं, आणि वर्गात माणसं कमी असणं वेगळं. दुसरा दोष पुन्हा पुन्हा दिसला तर ते केंद्र सोडा.

वर्षाखालच्या बाळाला उताणंच निजवायचं, पाळण्यात उशी-पांघरूण ठेवायचं नाही, हाही नियम. आजीनं हौसेनं शिवलेली मोहरीची उशी परत हातात देतात तेव्हा वाईट वाटतं, मला कळतं. पण तान्ह्या बाळाचा झोपेत श्वास कोंडू नये म्हणून ही काळजी आहे. उशी परत देणारी बाई आपलं काम चोख करते आहे.

आणि काकू? घरी ५ मुलांपर्यंत सांभाळायला परवाना लागत नाही. नोंदणीची सोय आहे, पण ती ऐच्छिक. नोंदणी केली की घराची पाहणी होते, घरातल्या मोठ्यांची पार्श्वभूमी तपासतात, प्रशिक्षण मिळतं. नोंदणी नसेल तर तिथं पाहायला जाणारे फक्त तुम्हीच. तेव्हा संकोच न करता विचारा: दिवसा घरात आणखी कोण असतं, बाळ कुठं निजतं, मुलांना गाडीतून नेता का, आणि काकू, तुम्हाला बरं नसेल त्या दिवशी मुलं कोण बघतं?