वाढते वय आणि मनाचे तारुण्य

दरवर्षी नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या बँकेच्या शाखेत निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची रांग लागते. पेन्शन पुढे चालू राहावी म्हणून त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. 'मी जिवंत आहे' असे लिहिलेल्या कागदाखाली सही करायची, एवढेच ते काम. २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही संगणकीय पद्धत आली आणि यंत्रावर बोट ठेवूनही हा दाखला मिळू लागला. परंतु पुष्कळांचा ठसा यंत्राला उमटतच नाही. ज्यांनी आयुष्यभर सफाई खात्यात, गोदीत किंवा रेल्वेच्या रुळांवर हाडाची काडे केली, त्यांच्या अंगठ्याच्या रेषाच झिजून गेलेल्या असतात. माणूस समोर धडधडीत उभा, आणि यंत्र म्हणते, ओळख पटत नाही! पुढे २०२१ पासून चेहरा पाहून दाखला देण्याची सोय झाली, तेव्हा ही अडचण बरीचशी कमी झाली.

काउंटरच्या आतल्या बाजूला बसून आम्ही ही रांग अनेक वर्षे पाहत आलो आहोत. तिच्यात दोन प्रकारची माणसे दिसतात. काहीजण कागद पुढे करून म्हणतात, "साहेब, कुठे सही करू ते सांगा. आमचे काय आता, दिवस मोजायचे." काहींचे वय त्यांच्याहून जास्त असते, पण ते विचारतात, "हे यंत्र माणसाला ओळखते तरी कसे?" एका मावशींनी तर आम्हाला बजावलेच, "बाळा, तू करून देऊ नकोस. मला शिकव. दर वर्षाला तुझ्या दारात कशाला येऊ?" दोन्ही प्रकारच्या माणसांना दाखला मिळतो तो एकच. पण खरी हयात कोणाची, हा प्रश्न आमच्या मनात दरवर्षी येतो. त्या प्रश्नाचा थोडा अभ्यास या लेखात करण्याचा विचार आहे.

आमच्या घरातील चूक

दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. आमचे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यातून निवृत्त झाले. नोकरीत असताना ते रोज पेन्सिल हातात घेऊन वर्तमानपत्र वाचत, महत्त्वाच्या मजकुरावर खुणा करत आणि संध्याकाळी शेजारपाजारची मुले जमवून त्यांचा अभ्यास घेत. ते निवृत्त झाल्यावर आम्ही भावंडांनी ठरवले की, त्यांनी फार कष्ट केले, आता त्यांना आराम द्यायचा. बाजारहाट आम्ही करू लागलो. विजेचे बिल आम्ही भरू लागलो. बँकेचे व्यवहार तर आमच्याच हातात होते. त्यांनी काही विचारले की आम्ही म्हणत असू, "दादा, तुम्ही कशाला त्रास घेता?" हे सारे आम्ही प्रेमाने केले. पण वर्षभरात वडिलांनी विचारणेच सोडून दिले.

त्याच सुमारास त्यांना दिसेनासे होऊ लागले. मोतीबिंदू होता. पण "आता या वयात काय वाचायचे राहिले आहे?" असे ते म्हणाले आणि आम्हीही ते ऐकून घेतले. दोन वर्षे अशीच गेली. शेवटी शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी समोरच्या भिंतीवरची सूचना मोठ्याने वाचून दाखवली आणि घरी येताच पेन्सिल मागितली. त्यानंतर जितकी वर्षे ते जगले, तितकी ते वाचत जगले. आज ते नाहीत. परंतु आमच्या आळसाने आणि आमच्या चुकीच्या प्रेमाने त्यांची जी दोन वर्षे अंधारात गेली, त्यांचा हिशेब आमच्याकडून कधी जुळणार नाही.

विज्ञान काय सांगते?

म्हातारपणी विसराळूपणा यायचाच, असे आपण धरून चालतो. तो सर्वस्वी नशिबाचा भाग नसतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाबद्दल अहवाल दिला. आयुष्यात ज्यांच्यावर उपाय करता येतो अशी १४ कारणे त्यात दिलेली आहेत. ती सर्व दूर करता आली तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांचा स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा पुढे ढकलता येईल, असा त्या मंडळाचा अंदाज आहे. अपुरे शिक्षण, कमी झालेले ऐकू येणे, उपचार न केलेली अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, बैठे जीवन, मनाची खिन्नता आणि एकटेपणा ही त्यांतली काही कारणे होत.

ही यादी वाचताना आम्हाला आमच्या वडिलांचा मोतीबिंदू आठवला. ज्याला दिसत नाही तो वाचत नाही. ज्याला ऐकू येत नाही तो चारचौघांत बसत नाही. आणि जो वाचत नाही, चारचौघांत बसत नाही, त्याच्या मेंदूला काम उरत नाही. म्हणून चष्मा लावणे किंवा कानाचे यंत्र बसवणे यात कमीपणा मानू नये. जिज्ञासा बाहेरच्या जगात जाते ती याच दारांनी.

फांगणे गावच्या आज्या

शिकण्याला वयाची अट नसते, हे वाक्य आपण भाषणात नेहमी ऐकतो. ते प्रत्यक्षात आणून दाखवले आपल्याच ठाणे जिल्ह्यातील आज्यांनी. मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. विद्यार्थिनी सुमारे ३०, आणि त्यांचे वय ६० ते ९० च्या घरात! गणवेश म्हणून गुलाबी लुगडे, खांद्याला दप्तर, हातात पाटी-पेन्सिल. घरची आणि शेतावरची कामे आटोपून दुपारी शाळेत बसायचे आणि अक्षरे गिरवायची. त्यांच्यात विधवा स्त्रियाही होत्या. विधवेने असे रंगीत लुगडे नेसू नये हा जुना संकेत त्या गुलाबी रंगाने सहजपणे मोडून काढला.

या शाळेतली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आज्यांना शिकवणारी बाई त्यांच्यातल्याच एकीची सून होती. सासू बाकावर आणि सून फळ्याजवळ! ज्या घरात असे घडते, त्या घरात वय आणि मान यांचा अर्थच बदलून जातो. या आज्यांना कोणतीही परीक्षा देऊन नोकरी मिळवायची नव्हती. अंगठ्याऐवजी स्वतःचे नाव लिहिता यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. बँकेत काम करणाऱ्याला विचारा, त्या नावाची किंमत काय असते. शाईचा पॅड पुढे सरकवला की मान खाली घालणारी बाई आम्ही पाहिली आहे. तीच बाई एक-एक अक्षर लावून सही करते आणि मग त्या सहीकडे काही क्षण पाहत राहते, तेही आम्ही पाहिले आहे.

बाबासाहेबांची अखेरची वर्षे

जिज्ञासेचा विषय निघाला की परमपूज्य बाबासाहेबांचे स्मरण होणारच. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून पर्शियन घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने शिकून घेतले. हे आपल्याला माहीत आहे. परंतु उतारवयात ते काय शिकत होते, याकडे आपले लक्ष कमी जाते. साठीच्या आसपास, मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर जर्जर झाले असताना, त्यांनी व्हायोलिनचे धडे घेतले. पाली भाषेचा व्यासंग करून त्यांनी पालीचा शब्दकोश आणि व्याकरण यांचे काम केले. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६ व्या खंडात ते प्रसिद्ध केले आहे. एवढी मोठी राज्यघटना देशाला दिल्यानंतरही, आता आपले शिकून झाले असे त्यांना वाटले नाही.

बाबासाहेबांनी विश्रांती घेतली नाही, म्हणून आपणही प्रकृतीकडे पाहू नये, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. वयाच्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. त्यांनी आपला देह समाजासाठी झिजवला, कारण त्यांच्यावाचून ते काम करणारा दुसरा कोणी नव्हता. आपली स्थिती तशी नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने कामगारांचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामगाराच्या हाती असा जो वेळ आला, तो कशासाठी? तो टी.व्ही. समोर किंवा मोबाईलवर बोट फिरवण्यात घालवला, तर ज्यांनी तो मिळवून दिला त्यांचा अपमान होईल. तो वेळ शरीर धड ठेवण्यासाठी आणि बुद्धी वाढवण्यासाठी आहे.

शरीराची निगा हीसुद्धा साधना

स्वतःच्या प्रकृतीकडे लक्ष देणे म्हणजे स्वार्थ, असे आपल्यातील अनेकांना, विशेषतः माता-भगिनींना वाटते. घरात सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खायचे, दुखणे अंगावर काढायचे, ही त्यांची सवय. तथागतांची शिकवण अशी नाही. संयुत्त निकायात कोसलच्या प्रसेनजित राजाची गोष्ट आहे. राजा भरमसाट भात खाई आणि धापा टाकत बसे. तथागतांनी त्याला मिताहाराची गाथा सांगितली. राजाने आपल्या जवळच्या एका तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू आहार कमी झाला आणि राजाचे शरीर हलके झाले. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, परिश्रमाची ताकद येते, रोग कमी होतात, अन्न पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून निदान १५० मिनिटे दमदार चालण्यासारखा व्यायाम करण्याची शिफारस केली. तिची दिशाही हीच आहे. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत, असे ती संघटना सांगते. पडून खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो आणि मग मनही अंथरूण धरते.

चालण्याचे आणि उद्योगाचे महाराष्ट्रातील आणखी एक उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. हिंगण्याहून पुण्याला ते पायी जात-येत. १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, ते परदेशच्या दौऱ्यावर निघाले. १९४४ साली, म्हणजे ८६ व्या वर्षी, जातिभेद नाहीसा व्हावा म्हणून त्यांनी समता संघ काढला. त्यांना १०४ वर्षांचे आयुष्य लाभले. आयुष्याची लांबी सर्वांच्या हातात नसते. पण ८६ व्या वर्षी नवे काम हाती घेण्याची वृत्ती आपल्याला उचलता येते.

आपण काय करावे?

आता थोडे व्यवहाराचे बोलू. चाळिशी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि डोळे तपासून घ्यावेत. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून आत काही नाही, असे समजू नये. निवृत्तीच्या आधीच एखादी गोष्ट शिकायला लागावे. पाली, बासरी, शिवणकाम, संगणक, काहीही चालेल. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठायला कारण हवे.

वडीलधाऱ्यांनी "आता या वयात" हे शब्द सोडून द्यावेत. मोबाईलवरून पैसे पाठवणे कठीण नाही. ते घरच्या विश्वासू माणसाकडून दोन-चार वेळा स्वतःच्या हाताने करून पाहावे. एक गोष्ट मात्र बँकेतला माणूस म्हणून बजावून सांगतो. पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. बँक ते फोनवर कधी विचारत नाही. ऐरोलीच्या सेक्टर १५ मध्ये महानगरपालिकेने उभारलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे. तिथे नातवंडांना घेऊन जावे. नातवंडे नेतील म्हणून वाट पाहू नये.

विद्यार्थी मित्रांना आमची विनंती अशी की, आजी-आजोबांचे काम करून देऊ नका, ते त्यांना शिकवा. त्यांनी तीच गोष्ट पाचव्यांदा विचारली तर पाचव्यांदा सांगा. तुम्हाला अक्षरे शिकवताना त्यांनी किती वेळा सांगितले होते, ते आठवा. आणि बदल्यात त्यांच्याकडूनही काही घ्या. गाव सोडून ते मुंबईला कसे आले, रात्रशाळेत कसे शिकले, जलशातली कोणती गाणी त्यांना आठवतात, हे वहीत उतरवून ठेवा. ज्याला कोणी काही विचारते, तो माणूस लवकर म्हातारा होत नाही.

मंडळापुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. रविवारच्या वंदनेनंतर एक तास असा असावा की, पहिल्या अर्ध्या तासात तरुणांनी ज्येष्ठांना काही शिकवावे आणि दुसऱ्या अर्ध्या तासात ज्येष्ठांनी तरुणांना. त्याला फार पैसा लागत नाही. एक फळा आणि थोडा धीर, एवढे पुरते.

महापरिनिर्वाणाच्या रात्री सुभद्र नावाचा वृद्ध परिव्राजक आपली शंका घेऊन आला. भगवंतांना त्रास होईल म्हणून आनंदाने त्याला तीन वेळा अडवले. ते संभाषण तथागतांच्या कानावर पडले आणि त्यांनी सुभद्राला आत बोलावून घेतले. विचारणारा वृद्ध, उत्तर देणारे ८० वर्षांचे, आणि वेळ अखेरची. तरीही प्रश्न परत गेला नाही. आनंदाचा हेतू वाईट नव्हता. आमचाही नव्हता, जेव्हा आम्ही वडिलांना "तुम्ही कशाला त्रास घेता?" म्हणत होतो. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे की, आज घरी गेल्यावर आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी काही विचारले, तर क्षणभर थांबून त्याचे उत्तर द्यावे. आणि त्यांनी बरेच दिवसांत काहीच विचारले नसेल, तर त्यांच्या शेजारी बसून आपणच त्यांना काहीतरी विचारावे.