टायरवरची अक्षरे

राजूर हे गाव जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात आहे. तिथे गणपतीचे मोठे देवस्थान आहे. चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, दुरून दुरून माणसे येतात. कोणी पायी येते, कोणी एस.टी.ने, कोणी जीपने. त्या दिवशी जालना-भोकरदन रस्त्यावर चाकांना विसावा नसतो.

अशाच एका जीपवाल्या दादांची गोष्ट आज आपण वाचू. ही गोष्ट एकट्या माणसाची नाही. अशी पाळी पुष्कळांवर येते. म्हणून नाव घालत नाही.

दादांची जीप स्वतःची. चालवतात स्वतःच. त्यांनी हातउसने पैसे घेऊन पुढच्या चाकांना दोन नवे टायर घातले. चार महिने झाले नाहीत, तोच एका टायरची वरची पट्टी सुटू लागली. दुसरा टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत झाला. जीप दारात उभी राहिली. कमाई बंद झाली. उसने पैसे मात्र फेडायचेच होते.

दादा दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "तुम्ही गाडी नीट चालवली नसेल. आमच्या हातात काही नाही."

दादा हिरमुसले. आम्हाला म्हणाले, "गेले पैसे! एवढ्या मोठ्या कंपनीशी आपण काय भांडावं?"

आम्ही म्हणालो, "दादा, भांडू नका. आधी वाचा. टायरवर अक्षरं आहेत, ती वाचा. बिल वाचा. मग बोलू."

पूर्वीची धाव आणि आताचा टायर

बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असते. धाव सैल झाली, तर आपण लोहाराकडे जातो. लोहार गावातलाच. काम कच्चे झाले, तर त्याला तोंडावर सांगता येते. त्यालाही चार माणसांत मान राखायचा असतो.

टायरचे तसे नाही. तो दूरच्या कारखान्यात होतो. करणाऱ्याचे तोंड आपल्याला दिसत नाही. मग सांगायचे कोणाला? आणि कसे? ते कागदावर सांगायचे. लोहाराला तोंडाने सांगत होतो, ते कंपनीला लिहून सांगायचे. त्यासाठीच कायदा आहे.

टायर कसा बनतो?

टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. रबरात काजळी मिसळतात. तिने रबर काळे होते आणि मजबूतही होते. आत दोऱ्यांचे थर असतात. पुष्कळ टायरांत पोलादी तारांचे पट्टेही असतात. हे सारे थर साच्यात घालून तापवतात. उष्णतेने ते एकजीव होतात.

थर नीट एकजीव झाले नाहीत, तर पुढे पट्टी सुटते. हा करण्यातला दोष. पण प्रत्येक बिघाड कारखान्याचा नसतो. काही दोष आपलेही असतात. म्हणून बिघाडाची खूण ओळखता आली पाहिजे.

टायर मधोमध झिजला, तर बहुधा हवा जास्त होती.

दोन्ही कडांनी झिजला, तर बहुधा हवा कमी होती, किंवा बोजा जास्त होता.

एकाच कडेने झिजला, तर बहुधा चाके सरळ रेषेत नव्हती. याला अलाइनमेंट बिघडणे म्हणतात.

बाजूला फुगा आला, तर आतले दोरे तुटले असतात. खड्ड्यात जोराने आपटल्यावर असे होते. कधी मूळचा दोषही असू शकतो.

टायर कापला नाही, हवा बरोबर, बोजा बरोबर, तरी पट्टी सुटली, तर करण्यातल्या दोषाची शंका घ्यावी.

आम्ही दादांना खरे तेच सांगितले. "आतल्या कडेनं झिजलेला टायर तुमच्याकडून गेला. अलाइनमेंट तपासली नव्हती. त्याची तक्रार करू नका. पण पट्टी सुटलेल्या टायरची जरूर करा."

दादा थोडे नाराज झाले. मग म्हणाले, "बरोबर आहे. खोट्यापायी खरंही बुडायचं."

टायर वाचा

टायरच्या बाजूवर उठावाची अक्षरे व आकडे असतात. आकडे इंग्रजी असतात. मोबाईलवर नंबर लावता, तेच हे आकडे.

एका ठिकाणी २१५/७५ आर १५ अशासारखे मोजमाप असते. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची, रुंदीच्या शेकडा ७५. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत.

दुसरीकडे चार आकडे असतात. ते कधी एकाच बाजूला असतात. समजा, २३२५ असे आकडे आहेत. तर तो टायर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. नवा म्हणून जुना माल आपल्या गळ्यात पडू नये, यासाठी हे आकडे दुकानातच वाचावेत.

टायरवर आय.एस.आय.ची खूणही पाहावी. तिसरी गोष्ट म्हणजे टायरचा स्वतःचा नंबर. तो बिलावर लिहून घ्यावा. नाही तर उद्या दुकानदार म्हणेल, "हा टायर आमचा नाहीच."

टायरच्या नक्षीच्या खाचांत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर संपला. मोटारीला ही हद्द १.६ मिलिमीटर आहे. त्याहून झिजलेल्या टायरवर माणसे बसवू नयेत. पैशांपेक्षा जीव मोठा.

बिल हवेच

काही दुकानदार म्हणतात, "बिल नको असेल तर थोडं कमी लावतो." ऐकू नका. बिल नाही, तर पुरावा नाही. मागितले असता बिल न देणे ही कायद्याने अनुचित प्रथा आहे.

बिलावर कधी छापलेले असते, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." त्याला भिऊ नका. सदोष माल बिलातल्या मुदतीत परत घेण्यास नकार देणे, हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. बिलात मुदत दिली नसेल, तर कायद्याने ३० दिवस धरतात. ३० दिवस गेले म्हणजे सगळे गेले, असे मात्र नाही. कंपनीची हमी तेवढ्याने बुडत नाही. आयोगाकडे जाण्याचा हक्कही बुडत नाही.

हमीचा कागदही वाचावा. हमी बहुधा करण्यातल्या दोषाची असते. पंक्चर, काप, जादा बोजा, चुकीची हवा यांची नसते. हमीत टायर बदलून मिळाला, तरी पुष्कळदा झिजलेल्या भागाचे पैसे कापतात. हा हिशेब कसा केला, ते विचारावे.

दादा ग्राहक आहेत काय?

ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केली. पुढे १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला.

या कायद्यात एक मेख आहे. विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी माल घेतला, तर घेणारा ग्राहक ठरत नाही. दादा जीपवर भाडे मारतात. मग ते ग्राहक की नाही?

याचे उत्तर महाराष्ट्रातल्या एका खटल्यात आहे. लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्स या कारखान्याने एक मोठे यंत्र मागवले. ते उशिरा आले व सदोष निघाले, अशी तक्रार केली. राज्य आयोगाने भरपाई दिली. राष्ट्रीय आयोगाने तो निकाल फिरवला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की हे यंत्र धंद्यासाठी होते. कारखाना हरला.

पण त्याच निकालात न्यायालयाने गरिबाची बाजू स्पष्ट केली. पोटासाठी रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच आहे. ट्रक घेऊन स्वतः चालवणाराही ग्राहकच आहे. मदतीला एक-दोन माणसे घेतली, तरी तो ग्राहकच राहतो. मात्र गाडी घेऊन ती सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती चालवायला दिली, तर तो ग्राहक नाही.

दादा जीप स्वतः चालवतात. त्यावर त्यांचे घर चालते. म्हणून दादा ग्राहक आहेत.

आता काय करावे?

१. बिघडलेला टायर भंगारात देऊ नये. रिमोल्ड करू नये. तोच आपला साक्षीदार आहे.

२. टायरचे व त्यावरच्या आकड्यांचे फोटो काढावेत.

३. टायर दुकानात तपासणीला दिला, तर लेखी पोच घ्यावी. कंपनीचा माणूस तपासतो. त्याने नकार दिला, तर कारण लेखी मागावे.

४. दुकानदार व कंपनी, दोघांनाही स्पीड पोस्टने पत्र पाठवावे. एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

५. १९१५ या नंबरावर फोन करावा. ही सरकारची ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

पत्र असे लिहावे :

"मी तारीख ____ रोजी आपल्या दुकानातून टायर घेतला. बिल नंबर ____. टायरचा नंबर ____. किंमत रुपये ____. तारीख ____ रोजी टायरची पट्टी सुटली. हवा व बोजा योग्य होता. टायर माझ्याजवळ आहे. तो तपासून बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन."

पत्रात शिवी नको, रडगाणे नको. तारीख, नंबर, रक्कम आणि मागणी, एवढे पुरे.

तरीही दाद मिळाली नाही तर?

तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. आपला आयोग जालन्याला आहे. कंपनी मुंबईची असो की चेन्नईची, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही. वकील केलाच पाहिजे असे नाही. पण तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावे लागते.

आयोग टायर प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. त्याची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. दोष सिद्ध झाला, तर टायर बदलून देण्याचा, पैसे परत देण्याचा किंवा नुकसानभरपाईचा हुकूम करतो. निकाल पटला नाही, तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

कायदा म्हणतो, निकाल ३ महिन्यांत व्हावा. मालाची तपासणी लागली, तर ५ महिन्यांत. प्रत्यक्षात वेळ जास्तही लागतो. म्हणून धीर हवा आणि कागद जपून ठेवायला हवेत.

दादांनी काय केले?

दादांनी आधी जीपची अलाइनमेंट करून घेतली. मग कंदिलाएवढ्या दिव्याखाली बसून स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. दोन ओळी खोडल्या, पुन्हा लिहिल्या. खाली सही केली. पूर्वी ते अंगठा उठवत असत.

पत्राची पोच त्यांनी वहीत चिकटवली आहे. पट्टी सुटलेला टायर ओसरीवर झाकून ठेवला आहे. उत्तर आले तर बरेच झाले. नाही आले, तर जालन्याचा रस्ता त्यांना रोजचाच आहे.

सांगा पाहू

१. टायरवर १०२४ हे आकडे असतील, तर तो कधी तयार झाला?

२. दादांनी एकाच टायरची तक्रार का केली?

३. आपण गाडी घेतली व दुसऱ्याला चालवायला दिली, तर आपण ग्राहक ठरतो का?

४. घरातले एखादे बिल काढा. त्यावरची तारीख, बिल नंबर व रक्कम वाचा आणि वहीत लिहा.