स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधील सुरक्षादोष : शोध आणि पडताळणी

कागदावरील करारनाम्याची अंमलबजावणी माणसे करतात. त्यातील एखादी अट सदोष निघाल्यास ती सुधारता येते, अथवा न्यायालयात दाद मागता येते. ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारात मात्र अटी म्हणजेच संगणकाची आज्ञावली. ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून राखलेल्या सामायिक खतावणीवर, ती एकदा नोंदविली गेली की सहसा बदलता येत नाही. म्हणून दोषांचा शोध नोंदणीपूर्वीच घेणे अगत्याचे ठरते.

इथिरियम या ब्लॉकचेनवर २०१६ साली घडलेले उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘द डीएओ’ नावाच्या सामायिक गुंतवणूक निधीत सभासदांनी १ कोटीहून अधिक इथर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १५ कोटी डॉलर, जमा केले होते. १७ जून २०१६ रोजी त्यातून सुमारे ३६ लाख इथर काढून घेण्यात आले. आज्ञावली सर्वांना वाचण्यास खुली होती. तरीही दोष वेळीच दूर झाला नाही.

हा दोष कामाच्या क्रमात होता. निधीतून बाहेर पडणाऱ्या सभासदाची शिल्लक प्रथम तपासली जाई, मग रक्कम दिली जाई आणि शेवटी शिल्लक शून्य केली जाई. कोषागारात पैसे आधी देऊन वहीत नोंद मागाहून करण्यासारखाच हा प्रकार होय. इथिरियमवर रक्कम स्वीकारणारे खाते हीदेखील एक आज्ञावली असू शकते, आणि रक्कम पोहोचताच ती कार्यान्वित होऊ शकते. हल्लेखोराच्या आज्ञावलीने त्याच क्षणी पुन्हा मागणी केली. समजा, निधीत १०० इथर आहेत व मागणाऱ्याचे केवळ १०. नोंद होण्यापूर्वी १० वेळा मागणी झाल्यास निधी रिकामा होतो. आणि प्रत्येक वेळची तपासणी वहीप्रमाणे बिनचूकच असते! यास पुनःप्रवेशाचा दोष म्हणता येईल. आधी तपासणी, मग नोंद आणि शेवटी अदायगी, हा क्रम पाळणे हा त्यावरील मुख्य उपाय होय.

असे दोष शोधण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. पहिलीत आज्ञावली न चालविता तिची रचना तपासतात. ‘स्लिदर’ हे साधन बाहेरील खात्यास रक्कम दिल्यानंतर होणाऱ्या नोंदी दाखवून देते. दुसरीत ‘मिथ्रिल’सारखे साधन प्रत्यक्ष आकड्यांऐवजी चिन्हे घेऊन आज्ञावलीच्या संभाव्य वाटा पडताळते. तिसरीत परीक्षक एक अभंग नियम सांगतो : उदाहरणार्थ, सभासदांच्या शिलकांची बेरीज निधीतील रकमेपेक्षा कधीही अधिक होता कामा नये. ‘एकिड्ना’ हे साधन असंख्य यादृच्छिक व्यवहार करून तो नियम मोडतो का, हे पाहते.

तथापि, कोणता नियम तपासावा हे माणसानेच ठरवावे लागते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘पॅरिटी’च्या बहुस्वाक्षरी पाकिटांबाबत प्रश्न क्रमाचा नसून अधिकाराचा होता. अनेक पाकिटे ज्या सामायिक आज्ञावलीवर अवलंबून होती, तिचा मालक नेमण्याचे राहून गेले होते. एका त्रयस्थाने स्वतःस मालक करून घेऊन ती नष्ट केली, आणि ५ लाखांहून अधिक इथर कायमचे अडकून पडले.

डीएओच्या बाबतीत २० जुलै २०१६ रोजी बहुसंख्यांनी खतावणीचा इतिहासच वळविला व रक्कम सभासदांसाठी सोडविली. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांनी जुनी साखळी ‘इथिरियम क्लासिक’ या नावाने पुढे चालविली. असा उपाय प्रत्येक वेळी लाभत नाही. पॅरिटीच्या खातेदारांना तो लाभला नाही. म्हणून परीक्षकाने प्रत्येक अदायगीपाशी थांबून दोन प्रश्न विचारावेत : नोंद आधी झाली आहे काय, आणि ही आज्ञा देण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे?